धुतलेले हात

अमरावतीच्या नितेशने एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी मुठीत मावेल असं यंत्र बनवलं. वरच्या काचेवर लाल गोल. त्यावर बोट टेकवलं की मुलाच्या मोबाईलवर भोंगा वाजायचा. सोबत काम करणारी सीमा म्हणाली होती, दाबलेलं हाताला कळेल असं बटण ठेव. "बटणं आता कोण ठेवते?" म्हणत त्याने तिला उडवून लावलं. या माणसाला आधी देखणेपण लागायचं, बाकी सगळं मागून.

चाचणी तेल्हाऱ्याला तानुबाईच्या घरी झाली. नवरा खुशालराव दम्याने बेजार, मुलगा सहदेवचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. नितेशने यंत्र पुढे केलं तशी तानुबाई उठून मोरीवर गेली. नवी, महागाची वस्तू ही बाई मळक्या हाताने धरणार नाही, जीव गेला तरी. हात धुतले, पदराला टिपले, ओलसर बोट टेकवलं. भोंगा वाजला. दर खेपेला ती हात धुऊन आली, दर खेपेला वाजला. ओलसर बोट काचेला चटकन कळतं, कोरडं राठ बोट कळत नाही, एवढं त्या शहाण्याला सुचू नये? तो टाळ्या पिटत होता. "कोणालेबी जमते, मावशी!"

सहदेव इतका खूश झाला की आईचा जुना बटणांचा मोबाईल त्याने विकून टाकला.

कापूस वेचणी सुरू झाली. एका दुपारी तानुबाई वावरातून आली तर खुशालरावला धाप लागलेली. बोंडांनी तिची बोटं चिरली होती, कातडी वाळून राठ झाली होती. त्या घाईत हात कोण धुतं? तिने बोट टेकवलं. अंगठा टेकवला. मग सगळी बोटं रगडली. काच ढिम्म. ती जिवाच्या आकांताने ओरडली, पण शेजारीपाजारी सगळे वावरात. धावत जावं तर खुशालरावने तिचा पदर मुठीत धरलेला, सोडेना. मूठ सुटली तेव्हा धावण्यात काही अर्थ उरला नव्हता.

तेरवीला नितेश आला. त्याने आपलं मऊ बोट टेकवलं. भोंगा वाजला.

"यंत्रात काही बिघाड नाही," तो म्हणाला. "मावशीनं दाबलंच नसन."

"दाबलं रे बावा, लय दाबलं."

"मंग वाजलं कावून नाही?" सहदेव ओरडला. "आता तर वाजून राहिलं!"

तिची बोटं बघायची बुद्धी एकालाही झाली नाही. भरल्या घरात एकालाही नाही.

पंगती उठल्या. भांडी घासता घासता तानुबाईला राहवेना. हात पदराला टिपून तिने यंत्र उचललं आणि बोट टेकवलं. अंगणात सहदेवच्या खिशात भोंगा वाजला. तो धावत दारात आला.

"आता बरं जमलं तुले, माय," तो म्हणाला.

तानुबाई बोटाकडे पाहत राहिली. मग तिचं तिलाच वाटू लागलं, त्या दिवशी आपण दाबलंच नसावं.