भिंतीपलीकडची टक

मी एक स्टूल बोलतोय. घाबरू नका, कोणाचं वजन फोडणार नाही. फोडायचं ठरवलं तर निम्म्या गल्लीला तोंड लपवावं लागेल!

माझा जन्म उरल्यासुरल्या लाकडातला. कपाट करून सुतार दमला आणि राहिलेल्या तुकड्यांतून त्याने मला उरकलं. चौथा पाय जरा आखूड झाला. "चालतंय की," म्हणाला. त्याचं काय जातंय? उभं राहायचं मला होतं! तेव्हापासून मी डुगडुगतो. शिक्षणाच्या नावाने शंख. पण माणसं मी बुडापासून ओळखतो.

मला घेतलं एका शिंप्याने. गिऱ्हाईक ऐटीत बसलं की मी हळूच कलायचो. टक! भलेभले मापाच्या टेपला धरून "अरे अरे" करायचे. कोपऱ्यात काजं करत बसलेला शिंप्याचा मुलगा मग खो खो हसायचा. त्याचा डावा पाय जन्मापासून अधू, गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट. "बाबा, हे स्टूल माझ्यावर गेलंय," म्हणायचा. काजं मात्र अशी, की बटणाला बाहेर यावंसं वाटू नये.

मग त्याचं हसू आटलं. आधी गिऱ्हाइकांशी बोलेना, मग बापाशी. एके दिवशी मला काखेत मारून घरी आला आणि खोलीचं दार लोटून घेतलं. तो परत दुकानात गेलाच नाही.

मामा आले, माझ्यावर टेकले. "लग्न लावून द्या, सुधारेल." लगेच टक! मामा भुईवर. आत्या म्हणाली, "लाडावून ठेवलाय." तिलाही सोडलं नाही. सल्ला द्यायला यांच्या बापाचं काय जातंय? आता मुलाचे केस पांढरे व्हायला लागले, तरी सल्ले तेच.

डॉक्टरीणबाई तेवढ्या नीट बोलल्या. "हा आजार आहे, आळस नाही. गोळ्या चुकवू नका. दार ढकलू नका, पाळत ठेवू नका. आपणहून येऊ दे."

"येईल ना हो?" आईने विचारलं.

बाई गोळ्यांची नावं लिहायला लागल्या.

तो दिवसभर माझ्यावर बसून डुलायचा. टक... टक... भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. माझी टक ऐकू आली की आईचं उलथनं चालायचं. टक थांबली की उलथनं थांबायचं. नवऱ्यालाही तिने हे सांगितलं नव्हतं. पाळत नको म्हणाल्या होत्या ना बाई! पण कान काही कोणी मुद्दाम लावत नाही, तो लागतो, असं तिचं मनातल्या मनात कायदेपंडितासारखं म्हणणं.

हळूहळू दार वीतभर उघडं राहू लागलं. एका दुपारी तर त्याने मला उचलून चक्क उंबऱ्याशी ठेवलं आणि बसला. जन्माचा खोडकर मी, पण हललो नाही हो!

"आई, आत गरम होतंय," तो म्हणाला.

एवढंच. पण त्या माउलीने ते वाक्य नवऱ्याला जेवताना वाढून वाढून सांगितलं.

शिंप्याला हुरूप आला. दिसेल त्याला तेल घालायचं, ढिलं ते घट्ट करायचं, ही त्याची माया करायची रीत. पोरगा अंघोळीला गेल्यावर त्याने मला उलटं केलं. "बस झाली तुझी मस्ती. पडशील-पाडशील माझ्या लेकराला." शिलाई मशीनखालच्या रबराचा जाड तुकडा माझ्या आखूड पायाला ठोकला आणि कोणाला न सांगता शीळ घालत दुकानात गेला.

पोरगा अंघोळीहून आला, दार लोटून बसला. डुलला. रबर मऊ, डुलू देतं. आवाज तेवढा गिळतं.

पलीकडे उलथनं थांबलं. भाजी करपली. "बाळा? ऐकतोस ना रे?" तो हाकेला ओ देतच नसे, त्या दिवशीही दिली नाही. आईच्या मनात नको ते आलं. तिने शेजारच्या रंगाऱ्याला बोलावलं, दोघांनी दार ढकललं, तर हा आपला माझ्यावर डुलतोय.

"मी बसलोय ना इथे," तो म्हणाला.

"अरे, टक झाली नाही रे!" ती बोलून गेली.

"म्हणजे तू रोज ऐकत होतीस?"

संध्याकाळी बाप पकड घेऊन आला. "काढतो रे ते रबर. चुकलं माझं."

"राहू दे." दाराला आतून कडी लागली.

ती अजून लागलेलीच आहे. ताट उंबऱ्याशी येतं, कधी रिकामं होतं, कधी तसंच परत जातं. शिंप्याला आता सुईत दोरा ओवता येत नाही. परवा दाराबाहेर दोघं नवरा-बायको हळू बोलत होते. "आपण गेल्यावर याचं ताट कोण वाढेल?" "मला नको विचारूस." आत पोरगा डुलायचा थांबला. त्याने ऐकलं, बुडापासून ओळखतो मी माणसं.

बाबांनो, आयुष्यभर मी लोकांना पाडून हसलो, तेव्हा माझी विनवणी कोण मनावर घेणार म्हणा. तरी मागतो. कोणीतरी या आणि हे रबर काढा. तो अजून डुलतोय हो, रोज डुलतोय. आणि म्हातारी भिंतीला कान लावून उभी आहे.