रोजची एक गोळी

डॉक्टरीणबाईंचा गुन्हा एवढाच, की त्यांनी माणसं बरी केली. लोकांना पाणी उकळून प्यायला लावलं, पोरांच्या लसींसाठी आयांच्या हात धुऊन मागे लागल्या, आणि आरोग्य केंद्राच्या बाकांवर बसायला माणूस उरला नाही.

केंद्राचं काम आकड्यांत तपासणारे मोजणीसाहेब दरवर्षी यायचे. आलेले रोगी भागिले पगारी माणसं, झाली कार्यक्षमता! शेजारच्या केंद्रात एकच ताप तीनतीनदा परत यायचा, म्हणून त्यांचा आलेख चढता. बाईंचा मेला दरसाल घसरायचा. यंदाही घसरला तर केंद्राला कुलूप, असं साहेब चहा पिता पिता सांगून गेले.

कुलूप लागलं तर जवळचा डॉक्टर थेट टेकडीपलीकडे. तोवर रोग्याने काय श्वास धरून बसायचं? बाईंनी रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि शेवटी लाज गुंडाळून ठेवली. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या एकदम देणं बंद. रोज यायचं, नर्सताईकडून एक गोळी घ्यायची, तिथेच गिळायची.

म्हातारी मंडळी आधी करवादली, मग चांगलीच रमली. बाकांवर सुनांची उणीदुणी निघू लागली, एक सोयरीकसुद्धा जुळली. बाईंना मात्र आपल्याच दवाखान्यात तोंड लपवावंसं वाटे. पण आलेख असा उसळला, की शेजारच्या केंद्राचे डोळे पांढरे झाले.

साहेब आले ते हसतच. दिवसभर कोपऱ्यात खुर्ची टाकून बघत बसले. संध्याकाळी त्यांनी बाईंचं तोंडभरून कौतुक केलं आणि वर बजावलं, की पुढच्या वर्षी आकडा याहून वर हवा. आता आणखी रोगी आणायचे कुठून, बाईंनी विचारलं. रोगी कशाला, साहेब म्हणाले, पगारी माणसं कमी केली तरी भागतं.

"गोळ्या तर नर्सताईच वाटते," ते म्हणाले. "तुमचं इथे नेमकं काम काय?"

बाईंनी वही उघडली, तर तिच्यात नुसते आलेले रोगी. बरी झालेली माणसं दाखवायची कशी?

केंद्र वाचलं, बाईंची बदली झाली. पुढच्याच आठवड्यात एक बाप धाप लागलेल्या लेकीला खांद्यावर टाकून धावत आला. नर्सताईने त्याला टेकडीपलीकडची वाट दाखवली आणि डोळे पुसत पोरीचं नाव लिहून घेतलं. आली होती ना, मग मोजायला नको?