खाडीतली सुट्टी

आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला हादियाने ऐरोलीच्या, फ्लेमिंगो पक्षी दाखवणाऱ्या बोटीची तीन तिकिटं काढली होती. पण शनिवारी पहाटे तिच्या लेकाला ताप भरला आणि ती घरीच थांबली.

"तिसऱ्या तिकिटावर धोंडूबाईंना विचारू का?" हादियाची आई सफिया नवऱ्याला म्हणाली.

ताजुद्दीनने चहाचा कप खाली ठेवला. "मासळीवाल्या धोंडूबाई? अगं, त्यांचा जन्म खाडीत गेला. त्यांना खाडी काय दाखवणार?"

सफियाने तरी फोन लावला. जुईनगरच्या बाजारात धोंडूबाईंकडून मासे घेता घेता दोघींची अशी दोस्ती झाली होती, की ईदचा शिरखुर्मा आणि गौरीच्या वड्या इकडून तिकडे जायच्याच.

"खाडीत तिकीट काढून कोन जातं, भाभी?" धोंडूबाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "कवा निगायचं?"

त्या आल्या त्या जांभळी साडी नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून. एखाद्या लग्नाला निघावं तशा. रिक्षात त्यांच्यात आणि सफियात बोलायला इतकं होतं, की ताजुद्दीन पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसून नुसता हूं हूं करत राहिला. खरं तर त्याला पाण्याची भीती होती. सफिया श्रीवर्धनची, समुद्राकाठच्या घरातली. तो मात्र पनवेलच्या बाजारपेठेत वाढलेला. गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी गेला नव्हता. पुलावरून दिसणारी खाडीतली फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ जवळून बघायची म्हणून सफिया कितीतरी वर्षं मागे लागली होती आणि तो दर हिवाळ्याला नवं कारण काढत होता.

बोट सुटली. दोन्ही बाजूंना खारफुटी, वर फेब्रुवारीचं कोवळं ऊन. लाइफ जॅकेट घालून ताजुद्दीन दोन्ही हातांनी कठडा धरून बसला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

अर्ध्या तासाने बोटीच्या बुडाला काहीतरी घासलं. एक हिसका बसला आणि बोट थांबली.

"काय झालं? काय झालं?" ताजुद्दीन ओरडला.

"चिखलात टेकली," गाईड बाजीराव म्हणाले. "टेन्शन घेऊ नका. भरती चढतेय. पाणी वाढलं की आपोआप सुटेल." त्यांनी इंजिन बंद करायला लावलं.

ताजुद्दीनचा चेहरा उतरलेला बघून धोंडूबाई पुढे वाकल्या. "भाई, घाबरू नका. हितं पडलात तर बुडनार नाय. चिखलात उभे ऱ्हाल, खांबासारके."

अख्खी बोट हसली. ताजुद्दीनलाही हसू आलं.

इंजिनाचा आवाज गेल्यावर दुसरा आवाज ऐकू यायला लागला. बदकांसारखा, पण खोल, हजारो गळ्यांतून एकदम निघालेला. समोरच्या उघड्या चिखलावर फ्लेमिंगो चरत होते. पाणी चढत होतं तसा त्यांच्या पायाखालचा चिखल कमी होत होता आणि ते एक एक पाऊल उथळाकडे, म्हणजे बोट अडकली होती त्या उंचवट्याकडे सरकत होते. शेवटी तर त्यांचे लालबुंद पाय आणि काळ्या टोकाची वाकडी चोच नुसत्या डोळ्यांनी दिसू लागली.

धोंडूबाई कठड्याला टेकून पक्ष्यांकडे एकटक बघत होत्या.

"काय हो?" सफियाने हळूच विचारलं.

"काय नाय." त्यांनी पदराने डोळे पुसले. "हितंच कुटंतरी, भाभी. सासू, मी नि नणंद. कंबरेएवड्या चिखलात शिवल्या-शिंपल्या वेचायचो. हे असनार की तवा बी. नायतर पंखांचा आवाज कसा यायचा? पन मान वर केली ती ऊन किती झालं ते बगायला. मी यांना आज पयल्यांदा बगतेय."

सफिया त्यांना खेटून बसली.

थोड्या वेळाने धोंडूबाईंनीच बाजीरावांना विचारलं, "दादा, ते डोकं उलटं करून का खातात?"

"त्यांची चोच चाळणीसारखी असते, मावशी. पाणी-चिखल गाळून बाहेर टाकतात, बारीक शेवाळ पोटात."

"म्हंजे यांचं पोट बी चिखलावरच!" त्यांना भारी गंमत वाटली. मग त्यांनी प्रश्नांचा सपाटाच लावला. पिल्लं करड्या रंगाची का, झोपतात कधी, इतक्या लांबून वाट कशी सापडते. बाजीराव सांगत होते आणि पुढचे लोकही वळून ऐकत होते.

अचानक बोट हलली, डोलली आणि मोकळी झाली. त्याच वेळी पाणी फार चढलं म्हणून की काय, कडेचे पक्षी धावत सुटले आणि पाठोपाठ सगळा थवा उठला. पंखांखालचा लाल आणि काळा रंग उलगडत डोक्यावरून गेला. त्यांची सावली बोटीवरून सरकली.

"सफिया! वर बघ, वर!" ताजुद्दीन उभा राहून दोन्ही हातांनी दाखवत होता.

"अहो, बसा खाली!" सफिया म्हणाली, पण तीही वरच बघत होती.

किनाऱ्यावर उतरल्यावर बाकीचे लोक पार्किंगकडे पांगले. ताजुद्दीनने रिक्षा शोधायला मोबाईल काढला.

"थांबा की, भाई," धोंडूबाई कट्ट्यावर मांडी घालत म्हणाल्या. "बसू जरा. मना आज कसली घाई नाय."

सफिया त्यांच्या शेजारी बसली. ताजुद्दीनने मोबाईल खिशात टाकला आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर तीन कटिंग सांगायला गेला.