खोकणाऱ्या गृहस्थांच्या शेजारी

संचालकांची मांडणी:

तंतुवाद्यं – बासऱ्या – पितळी वाद्यं – घंटा
(सगळे मंचावर)
श्रोते

आत्याची मांडणी:

तंतुवाद्यं
बासऱ्या – श्रोते – पितळी वाद्यं
घंटा

वाद्यवृंदाचा मंच लावायचं काम भाचीकडे होतं आणि ती ह्या दोघांच्या कात्रीत सापडली होती.

ही रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा घंटा आत्याने वाजवल्या होत्या. कोण कुठे बसणार ते रचनाकाराने तोंडी सांगितलं, लिहून काही ठेवलं नाही, आणि पुढे तो गेला. त्या वेळचे वादकही गेले. उरली आत्या, तीही आता एका कानाची. शेवटचा सूर श्रोत्यांभोवती फिरला होता, असं ती सांगायची. "मी मंचावर नव्हतेच मुळी. मागे, लोकांत होते. माझ्या कोपराला लागून एक गृहस्थ सारखे खोकत होते."

घरात कुणाला ठसका लागला की भाचीचे वडील म्हणत, "ताई, आले बघ तुझे गृहस्थ."

संचालकांनी चेष्टा केली नाही. भाचीला ते जास्त लागलं.

"दोन्ही रेकॉर्डिंग्ज ऐकली मी. घंटा लांबून येतात, मंचाच्या मागच्या भिंतीपाशी असाव्यात तशा. वय झालं की आठवणी सरकतात. पुरावा असेल तर जेवणाच्या सुट्टीआधी आणा, नाहीतर सगळे वर, मंचावर बसतील."

सगळे वर बसले तर आत्याचा शब्द कायमचा खोटा पडणार होता.

नवं रेकॉर्डिंग, पुढच्या एका प्रयोगाचं:
लख्ख. सूर डावीकडे, सूर उजवीकडे. मग घंटा, दूर.

जुनं, पहिल्या प्रयोगाचं, साफ करून पुन्हा काढलेलं:
सूर समोर, मग उजवीकडे. घंटा आणखीच दूर, गोधडीखाली ठेवल्यासारख्या.

भाचीने हेडफोन काढले. साफ करून. म्हणजे नेमकं काय साफ केलं?

ध्वनिसंग्रहातल्या तंत्रज्ञाला फोन.

"खोकले काढले, मॅडम. एक बाबा तर घंटा वाजली की हटकून खोकायचा."

"मूळ फीत आहे?"

"आहे ना. पण ऐकवत नाही हो."

"मला ऐकायचीय. पाठवा."

मूळ फीत:
खरखर. तंतुवाद्यं, समोर, लांब. पितळी वाद्यं. आणि मग घंटा, इतकी जवळ की भाचीने मागे वळून पाहिलं. तिला चिकटूनच खोकला. तितकाच जवळचा. पुन्हा घंटा. पुन्हा तेच गृहस्थ, ह्या वेळी तोंडावर रुमाल धरल्यासारखे. खोकला पुसता पुसता घंटाही अर्धी पुसली गेली होती.

संचालकांनी उभ्या उभ्याच ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग हळूच म्हणाले, "मागच्या दोन रांगा काढा. घंटा तिथे."

तालीम.
रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध आत्या एकटी बसली. भाची दाराशी उभी होती.

सूर तंतुवाद्यांत उठला, धाग्याएवढा. तो थांबायच्या आत उजवीकडे पितळी वाद्यांनी उचलला, आणि भिंत जराशी पुढे आल्यासारखी वाटली. मग मागे घंटा. जमिनीतून, पायांतून वर चढणाऱ्या. मग बासऱ्या, मग परत तंतुवाद्यं. दुसऱ्या फेरीत वाद्यं वेगळी कळेनाशी झाली. कुणी वाजवतंय असं वाटेचना. सभागृहच सावकाश कूस बदलत होतं. रोज खुर्च्या मोजायची भाची ह्याच सभागृहात, आणि सभागृहाला असं काही येतं हे तिच्या गावीही नव्हतं.

एका कानाला दिशा कळत नाही. आत्या उठून उभी राहिली होती. चांगला कान पुढे करून ती सुरामागे वळत होती, मंच, भिंत, घंटा, भिंत, मंच, एखाद्याने हात धरून फिरवावं तशी.

सूर विरला. हातातली ताल देणारी काठी खाली घ्यायचं संचालकांना सुचलं नाही.

"बरोबर आहे का, बाई?" त्यांनी विचारलं.

आत्याने समोरच्या खुर्चीचा आधार घेतला होता. डोळे भरले होते.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "तेव्हा मी मागे वाजवत होते. माझ्यापाशी यायचा आणि निघून जायचा, एवढंच. मधे बसून आज पहिल्यांदा ऐकलं."

मग खुर्चीत नीट बसली. "पुन्हा एकदा घ्या."