गाडी दिसेनाशी होईपर्यंत

जपानमधल्या ताकायामा गावात, आमच्या गल्लीत कियोएबाईंचं छोटं लाकडी हॉटेल आहे. परदेशी पाहुणे वाढले, तशा बाईंना नव्या खोल्या बांधायच्या होत्या, पण पैसा नव्हता. ओसाकाच्या एका कंपनीचे साहेब पैसे घालायला तयार झाले, एकाच अटीवर. निघालेल्या पाहुण्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत हॉटेलातल्या सगळ्यांनी दारात हात हलवत उभं राहायचं, ही पद्धत बंद करायची. त्यात म्हणे कामाचा वेळ फुकट जातो.

साहेब निघाले, तेव्हा बाई सगळ्यांना घेऊन दारात आल्या आणि हात हलवू लागल्या. गल्लीत पर्यटकांची ही गर्दी! गाडी तसूभर पुढे सरकेना आणि इकडे हात थांबेनात. गाडीत वाकून नमस्कार करकरून साहेबांची मान अवघडली. पर्यटक थांबून फोटो काढू लागले. दोघीतिघींनी तर खोली मिळेल का म्हणून विचारलंसुद्धा. ते पाहून साहेब उतरून धावत आले.

“बाई, पुरे! आत जा ना!”

“कशी जाऊ? तुम्ही अजून दिसताय.”

“बरं, काढली ती अट! आता तरी जा!”

“अट काढलीत? मग तर तुम्ही आमचेच झालात,” बाई हसल्या. “आता मुळीच आत जाता येणार नाही.”