संस्कृतीची हजेरी

पद्मजाबाईंना हल्ली खुर्चीत टेकलं की उठवत नसे. दोन इयत्ता एका वर्गात, वरून रोज नवी माहिती भरून पाठवा. मंद्रूपच्या अलीकडच्या वस्तीवरच्या त्या शाळेत शिकवणं तेवढं मागे पडलं होतं. शाळा सुटल्यावर रेश्मा दारात उभी राहिली, तेव्हा बाईंच्या मनात आलं, आता हिचं काय!

ही तिसरीतल्या संस्कृतीची आई. पोरीच्या तापापायी दोन वर्षं दवाखान्यांचे उंबरे झिजवून तीच आजारी दिसत होती.

"बाई, सोलापूरला मोट्या डाक्टरला दावलं," ती पायरीवरच बसली. "जंतू कुटं सापडंना. जन्मजात प्रतिकारशक्ती बिघडलीया का काय म्हनले. अंगातला राखणदार चोर नसतानाच काठी घिऊन उटतोय म्हनं. पर ताप ठरल्या दिसांनी येतोय का, ते बघाय मागल्या सा-आट म्हयन्यांच्या तारखा पायजेत. म्या कुटं लिवल्यात? म्हनलं, हजेरीत घावतील की. ताप आला की पोरगी घरी."

बाईंचा हात कपाटाच्या किल्लीवरच थांबला.

हजेरी कमी भरली की मुख्याध्यापक रेश्माला बोलावून सगळ्यांदेखत झापत. कामाचा खाडा करून ती येई, मान खाली घालून ऐकून घेई. बाईंना ते बघवेना. म्हणून जूनपासून संस्कृती आली नाही तरी त्या तिला हजर मांडत. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं होतं.

त्यांनी हजेरीपट उघडून समोर ठेवला. जून ते जानेवारी, पोरगी रोज हजर.

"ह्यात तर एक बी खाडा न्हाय," रेश्मा पुटपुटली.

"मीच मांडली खोटी हजेरी. तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणून." बाईंना स्वतःचीच लाज वाटली. "चुकलं माझं, रेश्माताई."

रेश्मा चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं.

"डाक्टरनी सांगितलंय, तारखा नसतील तर पुडचे तीन ताप लिवून आना." पदराने तोंड पुसून ती उठली. "म्हंजी आजून तीनदा तिला तसं तळमळताना बघायचं."

नऊ दिवसांनी हजेरी घेताना संस्कृतीच्या नावाला उत्तर आलं नाही. मुख्याध्यापक दारातच उभे होते. बाईंनी त्यांच्यादेखत गैरहजर मांडलं.

"सर, तिच्या आईला बोलवायचं नाही. काय बोलायचं ते मला बोला."

मग शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ताप पहिला. अजून दोन यायचे होते, आणि त्यांची वाट बघायची होती.