बुद्धगयेला जायची गाडी

आमचे हे एकदा कापसाच्या जिनातून घरी आले आणि हात धुता धुता म्हणाले, "आपण बुद्धगयेले मोटरसायकलीनं जाऊ." आपण, असं म्हणाले. त्या एका शब्दावर मी सगळा हिवाळा काढला.

बौद्ध धर्माच्या दीक्षेला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दीक्षेत यांनी धर्मपाल नाव घेतलं. सासूबाईंच्या तोंडी मात्र अजून जुनं नाव, उकंडाच. लढाईत हे ब्रह्मदेशात होते, फौजेचं टपाल मोटरसायकलवरून पोचवायचे. आता गाव सोडून आम्ही वणीत राहायचो, हे तिथल्या जिनात फिटर होते, पण जीव चाकावरच. कोणी म्हणालं, बाबा, आगगाडीनं जा, तर म्हणत, "लहानपणी आपल्या गावात पाटलाच्या घरासमोर सायकलवरून उतरून चालावं लागे. आता येवढ्या लांब न उतरता जातो." मला ते समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या लग्नात त्याच घरासमोर मला, हळदीच्या नवरीला, बैलबंडीतून उतरवलं होतं. धुळीतून चालताना मी मान खाली घातली होती, आणि त्याचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही.

जुन्या गाड्या विकणाऱ्या फुलचंदच्या गोदामात फौजेच्या लिलावातल्या दोन मोटरसायकली होत्या. एक हलकी, एका सीटची, मागे लोखंडी कॅरियर. दुसरी दांडगी, बाजूला एक माणूस बसेल असा डब्बा जोडलेली. हलकी म्हणजे हे एकटे आणि यांचं सामान. डब्ब्याची म्हणजे आम्ही दोघं. पण यांचं काही ठरेना. दर रविवारी बाजाराच्या नावानं गोदामात जायचे, दोन्ही चालू करून कान लावायचे आणि काळे हात घेऊन परत यायचे. बाजार राहायचाच.

"डब्ब्याची लय पेट्रोल पिते," एका रविवारी म्हणाले. पुढच्या रविवारी, "हलकीवर लांबच्या वाटेत कंबर मोडते." कोळशाच्या ट्रकवाल्यांना विचारून झालं. पोस्टमास्तरांना, चांद्याहून आलेल्या मिस्त्रीला, आणि जिनाच्या पहारेकऱ्यालाही, ज्यानं जन्मात बंडीशिवाय काही हाकलं नव्हतं. मला काही विचारलं नाही. मी चुलीपुढे बसून मनातल्या मनात जबलपूर, काशी, सारनाथ करायची आणि इकडे भाकरी करपायची. पाणी भरून आले तरी परत एकदा विहिरीवर जावंसं वाटे, तेवढंच चालणं.

सासूबाईंनाही चैन नव्हतं. पूर्वी घरात बैल आणायचा असो की सून, मरीमाईला कौल लावायचा. देवीच्या अंगाला दोन दाणे चिकटवायचे. उजवा आधी पडला की हो. ती मरीमाई दीक्षेनंतर आम्हीच निर्गुडा नदीत सोडली होती. एका सकाळी बघते तर सासूबाईंनी पाण्याच्या रांजणाला ज्वारीचे दोन ओले दाणे चिकटवलेले, आणि स्वतः समोर टक लावून बसलेल्या. तेवढ्यात हे आले.

"माय, बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना तू?"

"मी कोण्या देवाले इचारलं? रांजणाले इचारून राह्यली."

मला हसू आलं. मग यांचा चढलेला चेहरा पाहून रागच आला. "आत्याबाईचा एकच रांजण हाय," मी सासूबाईंकडे हात करून म्हणाले. "तुमी तं गावभर कौल लावत फिरता."

हे चपला घालून बाहेर पडले. दोन्ही दाणे दुपारपर्यंत तसेच चिकटून होते.

पुढच्या रविवारी मी यांच्या मागोमाग गोदामात गेले. फुलचंदनं माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी सरळ जाऊन डब्ब्यात बसले आणि म्हणाले, "फिरवून आणा." परक्या माणसासमोर यांना नाही म्हणता येईना. गाडी गावाबाहेर निघाली तसा माझा पदर उडाला, मी तो सावरला नाही. काय सुख होतं ते. मला वाटलं, झालं, आता ठरलंच.

निर्गुडेच्या काठावर डब्ब्याचं चाक काळ्या चिखलात रुतलं. मला उतरावं लागलं. गुडघाभर चिखलात उभी राहून मी ढकलत होते, आणि गाडी गाभण म्हशीसारखी हलायला तयार नव्हती. बुद्धगयेपर्यंत अशा किती नद्या असतील, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. मला रडू आलं.

"हलकी घ्या," मी म्हणाले.

यांचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला. त्याचा मला चिखलापेक्षा जास्त राग आला.

निघायच्या सकाळी वस्ती जमली. नारळ नाही, लिंबू नाही. सगळ्यांनी मिळून त्रिशरण म्हटलं. कॅरियरवर ट्रंक, ताडपत्री, स्टोव्ह, सगळं दोरीनं आवळलेलं. पेट्रोलचे डबे आणि अवजारांची पिशवी दोन्ही बाजूंना लटकत होती. "पुढच्या साली तुले आगगाडीनं नेतो," हे मला म्हणाले.

मी घरात गेले, वाकळ आणली आणि दोरी सोडायला लागले. ट्रंक खाली ठेवली, ताडपत्री काढली, स्टोव्ह काढला. वाकळीची घडी कॅरियरवर टाकली आणि वर चढून बसले.

"इंदू, उतर."

"नाही उतरत."

"कोणाले इचारून बसली?"

"मले," मी म्हणाले. "मीच मले इचारलं."

सासूबाईंनी स्टोव्ह उचलून घरात नेला. यांनी ट्रंक उचलून दारात ठेवली. मग गाडीवर बसले आणि किक मारली.

नागपूरच्या वाटेवर आधी यांचं गाव लागतं. पाटलाचं घर समोर आलं तसा गाडीचा वेग कमी झाला. मी पाहिलं, यांचा पाय ब्रेकवर गेला होता, इतक्या वर्षांच्या सवयीनं.

मी मागून यांच्या पाठीवर हात ठेवला. "दाबू नका," मी म्हणाले.